सुटी होणारी खोली

खोली उतरवायची हे ठरलं तेव्हा ताई कामावर होती. या घरात ताईबद्दलचे बहुतेक निर्णय ती कामावर असतानाच झाले होते, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी संध्याकाळी भाऊ चष्म्याचं दुकान लवकर बंद करून आईकडे आला. बरोबर वहिनी होती आणि बगलेत गुंडाळलेला नकाशा. स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्याने तो पसरला. कागद पुन्हा गुंडाळी व्हायला बघत होता, म्हणून हाताला लागेल ते त्याने त्यावर ठेवलं, एका टोकाला साखरेचा डबा, दुसऱ्या टोकाला आईच्या औषधांची पेटी. धाकटा खिळा फ्रिजला टेकून उभा होता. त्याला हे नाव अप्पांनी लहानपणीच ठेवलेलं, एकदा हट्टाला पेटला की जागचा हलायचा नाही म्हणून. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा, हाताखाली माणसं होती, टाळूवर केस उरले नव्हते. तरी घरात पाऊल टाकलं की तो खिळाच.

"इथे," भाऊने चष्मा कपाळावर सरकवून बोट ठेवलं. "मंजूर नकाशात गच्ची मोकळी आहे. आणि आपल्या गच्चीवर खोली."

"आहेच मुळी खोली," आई म्हणाली.

"आहे ना. तेच तर दुखणं आहे."

मागचं न्हाणीघर आणि आतला जिना हेही अप्पांनी कोणाला न विचारता करून टाकलेले. पण ते दंड भरून नियमात बसवता आले होते. गच्चीवरच्या खोलीचं तसं होणार नव्हतं, कारण त्या रस्त्यावर वर मजला चढवायला परवानगीच नव्हती. कोणीतरी शेजाऱ्याने पूर्वी अर्ज केला होता आणि त्याच्या चपला झिजल्या होत्या. अप्पांनी अर्जही केला नाही आणि चपलाही झिजवल्या नाहीत. आता अप्पा गेले होते, आईचे गुडघे गेले होते, आणि आईला जिने नसलेलं घर हवं होतं. त्यासाठी हे घर विकायला हवं, आणि घेणाऱ्यांच्या वकीलबाई नेमक्या या खोलीवर अडून बसल्या होत्या. गुरुवारी बँकेचा माणूस पाहणीला येणार होता. त्या दिवशी घर नकाशासारखं दिसलं तर पुढची बोलणी.

"त्यात काय एवढं!" खिळा म्हणाला. "अप्पांची खोली आहे ती. विटा थोड्याच आहेत? नट सोडायचे आणि फळ्या खाली घ्यायच्या. उद्या सकाळी लागलो तर जेवायच्या वेळेला गच्ची मोकळी."

"नक्की?"

"भाऊ, मी दिवसभर काय करतो? नट सोडतो आणि आवळतो."

खिळा बढाई मारत नव्हता. अप्पांनी आयुष्यभर नाटकांचे सेट उभारले आणि उतरवले. प्रयोग संपून प्रेक्षक बाहेर पडायच्या आत त्यांचा राजवाडा ट्रकमध्ये चढलेला असायचा. खिळे ठोकणाऱ्या सुतारांचा त्यांना तिटकारा होता. खिळा मारला की लाकूड अडकलं, म्हणायचे, बोल्टने जोडलं की उद्या त्याच लाकडाचं तुरुंगाचं दार करता येतं. गच्चीवरची खोलीही त्यांनी तशीच केली. चौकटी, फळ्या, छताचे पत्रे, सगळं नटबोल्टवर. खिडकी एका नाटकातल्या श्रीमंत वकिलाच्या दिवाणखान्यातली, दार कुठल्याशा हवेलीचं, ज्याच्या पाठीवर अजून खडूने 'डावीकडून दुसरं' असं लिहिलेलं होतं. एकदा नगरपालिकेचा माणूस चौकशीला आला, तर अप्पा त्याला म्हणाले, "अहो, हे बांधकाम कुठे आहे? हे सामान आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा सुटं करून ठेवतो." तो माणूस हसला, पाणी प्यायला आणि गेला. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की ती सांगताना आता कोणी हसत नसे.

"आणि ताई?" आईने विचारलं.

"नव्या घरात दोन झोपायच्या खोल्या आहेत," भाऊ म्हणाला. "एक तुझी, एक तिची. खाली बाग, चढायला एक पायरी नाही. तिचंही भलंच होतंय ना?"

"तिला विचारलंस?"

"उद्या सांगू की."

विचारायचं होतं त्याचं सांगायचं कधी झालं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं असावं. तिने भाऊकडे एकदा बघितलं आणि साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला. नकाशा आपोआप मिटला.

*

रविवारी सकाळी ताईला सांगितलं, तेव्हा ती टोस्टला लोणी लावत होती. भाऊने सगळं नीट समजावलं, नकाशा, बँकेचा माणूस, नवं घर, बाग. चष्म्याचा नंबर वाढलाय हे गिऱ्हाइकाला सांगताना तो जो आवाज काढायचा त्याच आवाजात.

"बरं," ताई म्हणाली.

"म्हणजे... तुला काही अडचण?"

"आजच उतरवणार?"

"खिळ्याला आज सुट्टी आहे."

"मग कपाट आधी रिकामं करायला हवं." तिने टोस्टचा तुकडा तोंडात टाकला आणि कप विसळायला उठली.

खिळ्याला कसंतरीच झालं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ताई भांडणारी नव्हती. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, लोकांना 'श्वास रोखून धरा' म्हणायची, आणि स्वतः तिने तो कधीचा रोखून धरला होता हे घरात कोणी बघायला गेलं नव्हतं.

नवऱ्याच्या घरून ती एक बॅग घेऊन आली तेव्हा भाऊचं लग्न ठरलेलं होतं. अप्पांनी गच्चीवर लाकूड जमवलं होतं ते भाऊसाठी. त्या लाकडाची खोली झाली ताईची. भाऊ आणि वहिनीचा संसार खालच्या पुढच्या खोलीत, मध्ये फळी घालून, सुरू झाला. खोली उभी राहिली त्या आठवड्यात ताईने विचारलं होतं, "अप्पा, इथे भिंतीत एक फडताळ करून द्याल?" अप्पा पाना पुसत म्हणाले होते, "कशाला गं? सुटी करायची खोली आहे ही. भिंतीला खिळासुद्धा मारू नकोस."

ते वाक्य तिने मनात धरलं. अप्पांना वाटत होतं, थोडे दिवस जातील, राग निवळेल, पोरगी परत जाईल, आणि मग खोली उतरवून तेच लाकूड भाऊला देता येईल. वर्षातून दोनदा ते पाना घेऊन वर यायचे, लाकडी झाकणं काढून एकेक नट तपासायचे, सैल झालेला आवळायचे. वाऱ्याने खोली हलते म्हणायचे. ताई पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि बघत राहायची. तिला दरवेळी वाटायचं, खोली अजून सुटते की नाही तेच बघताहेत.

मग एका सकाळी नाश्त्याला ती म्हणाली होती, "मी आता परत जाणार नाही. कधीच." घरात सगळे होते. आईने डोळ्याला पदर लावला, भाऊ ताटलीत बघत राहिला. अप्पांनी हातातला कप खाली ठेवला आणि काही न बोलता उठून गेले. ताईची कामाची वेळ झाली होती, ती गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा अप्पांनी तो विषय काढला नाही. पुढेही कधी काढला नाही. आणि त्यानंतर पाना घेऊन ते वर आले नाहीत.

त्यांनी खोलीवरून हात काढून घेतला आणि आपल्यावरूनही, असं ताईने समजून घेतलं. ते वाईट वागले असं मात्र तिला कधी म्हणता आलं नाही. आजारी पडली तर रात्रभर बाहेर खुर्ची टाकून बसायचे. पण बोलले नाहीत, आणि आता विचारायला अप्पाच नव्हते. ती त्या खोलीत राहिली ती पाहुण्यासारखी. माणूस पाहुण्यासारखं म्हातारंसुद्धा होऊ शकतं.

*

वहिनी पलंगावरच्या चादरी घड्या करायला वर आली. तिला या खोलीत येण्याचा सराव नव्हता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, पण काय ते कळेना. मग कळलं. भिंतींवर काहीच नव्हतं. कॅलेंडर टेबलावर उभं केलेलं होतं. आरसा कपाटाला टेकवलेला. आई-अप्पांचा फोटो आणि ताईचा नोकरीत मिळालेल्या बक्षिसाचा फोटो, दोन्ही जमिनीवर, भिंतीला पाठ लावून.

"ताई, तुम्ही भिंतीला काही लावलंच नाही कधी?"

"अप्पांनी खिळा मारू नको म्हणून सांगितलं होतं."

"केव्हा?"

"खोली बांधली तेव्हा."

वहिनीला हसू आलं आणि ओठांवर येऊन ते थांबलं. तिने चादरीची दोन टोकं ताईच्या हातात दिली. दोघी चादर ताणून मागेपुढे सरकल्या.

"या खोलीवर माझा फार राग होता," वहिनी म्हणाली. "म्हणजे तुमच्यावर."

"माहितीये की. किती दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस."

"बोलत होते हो."

"'चहा झालाय' एवढंच म्हणायचीस. तेही भिंतीकडे बघून."

"त्या मधल्या फळीतून सगळं ऐकू यायचं. सासऱ्यांचं खोकणं, खिळ्याचं झोपेत बडबडणं. नवीन लग्न झालेलं आमचं. मला वाटायचं, वर ही एकटी बाई अख्ख्या खोलीत काय करते?" वहिनीने चादर छातीशी धरली. "आता दिसतंय काय करत होतात ते. काहीच नाही."

ताईने उशीची खोळ काढायला घेतली. वहिनी दाराकडे गेली, जिन्यात कोणी नाही हे बघून परत आली. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि नवऱ्याशी इमान म्हणून तिने ती धरून ठेवली होती.

"ताई, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"म्हणजे?"

"वकीलबाईंनी दुसरा रस्ताही सांगितलाय. खोली आहे, परवाना नाही, असं करारात सरळ लिहायचं आणि भाव कमी करायचा. मग घेणारे ठेवतील नाहीतर पाडतील, त्यांचं ते बघतील. यांनी तुम्हाला हे सांगितलं नाही ना?"

"नाही."

"भाव कमी झाला तर नव्या घरात दोन खोल्या बसत नाहीत. एकाच खोलीचं घ्यावं लागेल. म्हणून नाही बोलले. त्यांचा हेतू वाईट नाही हो."

"त्याचा हेतू कधीच वाईट नसतो," ताई म्हणाली. तिने खोळ झटकली. "फक्त तो विचारत नाही."

"मग आता?"

"आता काय? सुटी करायचीच होती ती. उशीर झाला एवढंच."

हे ती अगदी सरळपणे म्हणाली. वहिनी पलंगाच्या कडेवर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की त्या फळीमागच्या संसारात आपण फार सुखात होतो.

*

सामान खाली गेलं. खिळ्याने हत्यारांची पेटी मोकळ्या खोलीच्या मधोमध ठेवली, बाह्या वर केल्या. कोपऱ्यातल्या खांबावर मोठ्या बटणाएवढी गोल लाकडी झाकणं होती, भिंतीच्याच रंगात रंगवलेली. अप्पांना नट दिसलेले आवडत नसत. पहिलं झाकण रंगाने धरून ठेवलं होतं, तेव्हा त्याने पातळ पातं फिरवून ते उचकटलं. आत नट होता. त्याने पाना लावला.

नट हलला नाही.

त्याने तेल सोडलं, थांबला, पुन्हा जोर लावला. मग दुसरं झाकण काढलं. मग तिसरं. मग खिशातून बॅटरी काढून आत बघितलं आणि मांडी घालून खालीच बसला.

"काय झालं?" भाऊ दारातून म्हणाला. "गंजलेत?"

"गंज नाही."

"मग?"

"इकडे ये. बघ."

भाऊ वाकला. त्याला दिसलं ते एवढंच की नटातून बाहेर आलेलं बोल्टचं टोक चपटं होतं, कडेने पसरलेलं.

"हे ठोकलंय," खिळा म्हणाला. "हातोडीने, मुद्दाम. टोक असं पसरवलं की नट बाहेर यायला जागाच राहत नाही. आम्ही लिफ्टमध्ये हे करतो, जिथे काही झालं तरी सुटता कामा नये तिथे." त्याने चौथं झाकण उचकटलं. "हाही. भाऊ, सगळे आहेत."

"पण अप्पा तर..."

"हो ना."

"अप्पा असं कशाला करतील? अप्पांनी कधी खिळा ठोकला नाही."

"मला काय विचारतोस? मी जेवायच्या वेळेपर्यंत गच्ची मोकळी करणार होतो." खिळ्याने पाना पेटीत टाकला. त्याला राग आला होता आणि कोणाचा ते त्याला कळत नव्हतं. स्वतःच्या बापाची कारागिरी आपल्याला पाठ आहे असं तो लोकांना सांगत आला होता.

भाऊ खोलीभर फिरला, दोन्ही हात कमरेवर. गुरुवार त्याच्या डोक्यात घणासारखा वाजत होता. अप्पा गेल्यापासून हे घर तोच ओढत होता, आईचे डॉक्टर, दंडाची धावपळ, वकीलबाईंचे फोन. कोणी त्याला शाबासकी दिली नव्हती आणि त्याने मागितलीही नव्हती. आईला एक खोली, ताईला एक खोली, एवढं नीट लागलं की तो सुटणार होता. आणि आता हे बोल्ट.

"कापता येतील?" त्याने विचारलं.

"ग्राइंडरने कापता येतील. लाकूडही जाईल बरोबर. पण येतील."

"मग आण ग्राइंडर."

"भाऊ..."

"आण म्हणतोय ना! मला काय हौस आहे? अप्पांनी काय केलं, का केलं, ते आता विचारायला जायचंय का कोणाकडे?"

"मला विचार," जिन्यातून आवाज आला.

आई शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभी होती. अप्पा गेल्यापासून ती वर आली नव्हती. गुडघे तिला चढू देत नव्हते, हे खरं होतं, आणि तिला यायचं नव्हतं, हेही खरं होतं. मागे ताई तिची पाठ धरून उभी होती. वहिनीने पटकन गच्चीवरची खुर्ची आणून दाराशी ठेवली आणि आईला हाताला धरून बसवलं. आईने दम खाल्ला. मग तिने उघड्या झाकणांकडे बघितलं.

"ठोकलेत ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?" खिळा उठलाच.

"मला आवाज माहीत होता. काय ठोकताहेत ते नव्हतं माहीत." तिने कपाळ पुसलं. "ही त्या दिवशी म्हणाली ना, मी परत जाणार नाही म्हणून. ही कामावर गेली, तुम्ही दोघं आपापल्या उद्योगाला गेलात. हे वर आले. आणि नुसता हातोडीचा आवाज. ठण, ठण, ठण. दुपारचं जेवायलाही खाली आले नाहीत. मी खालून ओरडले, अहो, काय चाललंय? तर म्हणाले, खोली पक्की करतोय."

खिळ्याने उघड्या बोल्टकडे बघितलं.

"मला वाटलं, वाऱ्याने सैल झाली असेल," आई म्हणाली. "मी आपली रडत बसले होते. मला हिने परत जायला हवं होतं, खोटं कशाला बोलू? मी त्यांना म्हणाले, तुम्ही तिला चार शब्द सांगा. तर म्हणाले, सांगून झालं."

"मला काही नाही सांगितलं त्यांनी," ताई म्हणाली. तिचा आवाज वेगळाच आला. "आई, मला काहीच नाही सांगितलं. मी वाट बघितली. मी किती वर्षं वाट बघितली."

"अगं, त्यांना बोलता कुठे यायचं? माझ्याशी तरी कुठे बोलले नीट? लग्न ठरल्यावर मला भेटायला आले आणि आमच्या दाराची बिजागरी दुरुस्त करून गेले."

वहिनी हसली आणि त्याच श्वासात तिचे डोळे भरून आले. ताई मात्र हसली नाही आणि रडलीही नाही. ती खांबाशी गेली, वाकली, आणि ज्या बोल्टवरचं झाकण निघालं होतं त्याच्या चपट्या टोकावर तिने बोट फिरवलं. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. ज्या खोलीत ती आजवर जपून वावरली, ती तिला वाटत होती तशी नव्हतीच. नाश्त्याला ती 'परत जाणार नाही' म्हणाली त्याच दिवशी त्या माणसाने स्वतःचा आयुष्यभराचा नियम मोडला होता, तिच्यासाठी, आणि वर झाकणं लावून रंग मारून टाकला होता. तिला अप्पांचा इतका राग आला, आणि त्यांची इतकी आठवण आली, की तिने तो खांब दोन्ही हातांनी धरला.

*

"भाऊ," थोड्या वेळाने ताई म्हणाली. "ग्राइंडर आणायचा नाही."

"ताई, हे बघ, मलाही वाईट वाटतंय. पण गुरुवारी..."

"वकीलबाईंनी दुसरा रस्ता सांगितलाय म्हणे."

भाऊने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली नाही.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "अहो, त्यांची सही लागणार आहे करारावर. त्यांना कळायला नको?"

"तू माझ्या बाजूची आहेस की..."

"मी तुमच्याच बाजूची आहे. पण चुकीच्या जागी तुमच्या बाजूने कशी उभी राहू?"

भाऊ खिळ्याकडे वळला. खिळ्याने ग्राइंडरची वायर पायाने दाराबाहेर सरकवली आणि म्हणाला, "मी हे कापणार नाही. दुसरा माणूस बघ."

"तुम्हा सगळ्यांना कळतंय का मी कशासाठी करतोय?" भाऊचा आवाज फुटला. "ताई, भाव कमी आला तर ते घर येत नाही. एकाच खोलीचं घर घ्यावं लागेल. तुझी खोली जाईल. मी ती तुला मिळावी म्हणून... मला माझ्या लग्नापासून वाटतं, माझ्या लाकडात तू राहिलीस आणि तुझं तिथे कधी काही झालंच नाही. निदान या वेळी तुझं असं काही..." त्याने चष्मा काढला आणि तो शर्टाला पुसत राहिला, गिऱ्हाइकांना तो जे कधी करू देत नसे ते.

ताईने त्याच्या हातातून चष्मा घेतला, आपल्या रुमालाने पुसला आणि त्याला परत दिला.

"मला मिळाली होती खोली," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं एवढंच. आता ती नव्हतीच असं लिहून द्यायला मला सांगू नकोस. नव्या घरात मी आईच्या खोलीत खाट टाकेन."

"मी घोरते," आई म्हणाली.

"माहितीये. वरपर्यंत ऐकू येतं."

"आणि मला खिडकी बंद लागते."

"आई, आपण भांडू. सवय होईल."

भाऊने चष्मा डोळ्यांवर चढवला. गच्चीवर ऊन चढलं होतं, समोरच्या घराच्या दोरीवरचे कपडे हलत होते, आणि वारा असूनही खोली हलत नव्हती. ती फार पूर्वीच हलायची थांबली होती, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. त्याने खिशातून फोन काढला आणि कठड्यापाशी जाऊन नंबर लावला.

ताईने खाली वाकून आई-अप्पांचा फोटो उचलला. तो एवढाच वर राहिला होता. तिने फुंकर मारून त्याची काच साफ केली आणि खिळ्याच्या पेटीत शोधायला लागली.

"काय हवंय?"

"हातोडी दे. आणि एक खिळा."

"ताई, महिनाभरात आपण हे घर सोडतोय."

"माहितीये मला. दे."

वकीलबाईंनी फोन उचलला होता. "हो, मीच बोलतोय," भाऊ म्हणत होता. "गुरुवारी येऊ देत त्यांना, काही हरकत नाही. फक्त एक गोष्ट करारात लिहून घ्या. गच्चीवर खोली आहे... नाही, परवाना नाही. नाही, उतरवत नाही... हो, भावाचं कळतंय मला. कमी भावाचा कागद करा... नाही हो, भाडेकरू नाही कोणी."

मागून हातोडीचा पहिला घाव पडला. खाली उतरायला निघालेली आई जिन्यात थांबली आणि ऐकत राहिली.

पलीकडून वकीलबाईंनी विचारलं असावं, आवाज कसला येतोय, काम चालू आहे का.

"काम नाही," भाऊ म्हणाला. "माझी बहीण भिंतीला खिळा मारतेय. तिची खोली आहे."